"आमच्या वेळी असलं काही नव्हतं"



लहान मुलांसाठी आपल्या घरांतून शेऱ्यांचा एक ठेवणीतला साठा असतो. नवा शर्ट घातला की रडतो आणि मानेवरची पट्टी कापून टाका म्हणतो, तो नखरेल. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून आतल्या खोलीत पळतो, तो भित्रा. वरणभातात फोडणीतलं एक मोहरीचं दाणं लागलं तरी ओकारी काढते, ती लाडावलेली. सारखा भिंतीला आणि माणसांना धडकत चालतो, पडला तरी रडत नाही, तो दांडगट. आणि या सगळ्या शेऱ्यांच्या शेवटी आईच्या नावावर एक शेरा असतोच, "हिनेच डोक्यावर चढवून ठेवलाय!"

गेल्या वर्षभरात नात्यातल्या दोघी सुनांनी मला फोनवर "सेन्सरी प्रोसेसिंग" हा शब्द सांगितला. दोघींच्या मुलांना शाळेने तपासणी करून घ्यायला सुचवलं होतं. थोडक्यात अर्थ असा की स्पर्श, आवाज, उजेड, वास, चव, तोल यांच्या ज्या खबरा बाहेरून शरीरात येतात, त्या या मुलांच्या मेंदूत वेगळ्या मापाने मोजल्या जातात. आपल्याला जी कुजबुज वाटते ती कुणाला आरडाओरड वाटते, तर कुणाला खरी आरडाओरडही पोचत नाही. दोघींनाही घरातून एकच उत्तर मिळालं होतं, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

मी इतिहास शिकवण्यात नोकरी घालवली, त्यामुळे कुणी "आमच्या वेळी" म्हटलं की "म्हणजे नेमकं कोणत्या साली?" असं विचारायची खोड लागली आहे. म्हणून आज हे वाक्य घेऊन बसले आहे. मुलं होती की नव्हती, आणि असली तर त्यांचं मोठ्यांनी काय केलं, एवढंच पाहायचं आहे.

जंगलातून आलेला मुलगा

जानेवारी १८०० मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेराँ भागात, सँ-सेर्नँ नावाच्या गावात, अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा जंगलातून आला. बोलत नव्हता. कुठला, कुणाचा, काही कळेना. त्याच वर्षी त्याला पॅरिसला मूकबधिरांच्या संस्थेत आणलं. लोकांनी पाहायला गर्दी केली. फिलिप पिनेल हा त्या काळचा नामवंत डॉक्टर. वेड्यांना माणसासारखं वागवा असं सांगणाऱ्यांपैकी तो एक. त्याने मुलाला तपासून निर्वाळा दिला की हा जन्मतःच मंदबुद्धी आहे, याच्यावर उपाय नाही.

त्याच संस्थेतल्या ज्याँ इतार नावाच्या तरुण डॉक्टरला ते पटलं नाही. तो पंचविशीतला होता. त्याने मुलाचं नाव व्हिक्तॉर ठेवलं आणि काही वर्षं त्याच्यासाठी खर्ची घातली. इतारने १८०१ आणि १८०६ साली दोन अहवाल लिहिले. ते आजही वाचले जातात, कारण त्यांत तो मुलगा दिसतो. त्याच्या जवळ पिस्तुलाचा बार काढला तर तो दचकत नसे, पण त्याच्या पाठीमागे कुणी अक्रोड फोडला की चटकन वळून बघे. विस्तवातले बटाटे तो हाताने उचली. नाकात तपकीर कोंबली तरी शिंकत नसे. थंडीपावसात उघड्या अंगाने बसून राही.

आपल्यातला एखादा शहाणा म्हणाला असता की बहिरा आहे. दुसरा म्हणाला असता की बहिरा कसला, सोंग करतो, खाण्याचं बरोबर ऐकू येतं त्याला! इतारने या दोन्हींपैकी काही म्हटलं नाही. कान शाबूत आहेत, मग कोणता आवाज आत पोचतो आणि कोणता पोचत नाही, असा त्याने प्रश्न केला. मग त्याने रोज दोन-दोन तीन-तीन तास कढत पाण्याच्या आंघोळी घालायला सुरुवात केली, हेतू हा की कातडीला ऊन-गार कळू लागावं. काही काळाने व्हिक्तॉर पाण्यात हात घालून पाहू लागला आणि कोमट असेल तर आंघोळीला नकार देऊ लागला! आपल्याला तो हट्ट वाटला असता. इतारच्या लेखी ती प्रगती होती.

इतारला साधूसंत करायचं कारण नाही. याच माणसाने एकदा व्हिक्तॉरचा चिडण्याचा झटका थांबवायला त्याला वरच्या मजल्याच्या खिडकीतून उलटं धरलं होतं, आणि तेही त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. व्हिक्तॉर शेवटपर्यंत बोलायला शिकला नाही. इतारने प्रयत्न सोडले. त्याला सोडलं नाही ते मादाम गेराँ या त्याला सांभाळणाऱ्या बाईने. १८२८ साली तो वारला तोपर्यंत ती त्याच्याबरोबर होती. इतिहासात इतारचं नाव मोठं झालं, बाईंचा नुसता उल्लेख उरला. हे नेहमीचंच.

रोमपासून बोर्डीपर्यंत

इतारचा शिष्य एदुआर सेगँ. त्याने मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांना शिकवायची पद्धत बांधली, आणि तिची सुरुवात अक्षरांपासून न करता स्नायूंपासून आणि स्पर्शापासून केली. आधी चढणं, उतरणं, पकडणं, सोडणं, मग बाराखडी. पुढे तो अमेरिकेला गेला आणि १८६६ साली तिथे त्याचं पुस्तक निघालं.

या दोघांची पुस्तकं रोममधल्या एका तरुण डॉक्टरबाईने स्वतःच्या हाताने उतरवून इटालियनमध्ये आणली. त्या म्हणजे मारिया माँटेसरी. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडलं. खरखरीत आणि गुळगुळीत फळ्या, हलवून आवाज ओळखायच्या नळ्या, डोळे मिटून ओळखायचे आकार. ही साधनं म्हणजे इतारच्या त्या आंघोळींची नातवंडंच.

आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला हे काम सुरू केलं आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीबाई स्वतः १९३९ साली मद्रासजवळ अड्यारला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर त्या इथे शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांच्या मुलाला, मारिओला, अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत स्थानबद्ध केलं होतं. बाईंचा तो मुक्काम १९४६ पर्यंत लांबला. ताराबाईंनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डीला काम सुरू केलं. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी दगड, पानं, शिंपले, बिया अशा गावात मिळणाऱ्या वस्तू आणल्या. बालवाडीत चिंचोके निवडणारी पोरं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यामागे एवढा लांबचा पल्ला आहे हे फारसं कुणी सांगत नाही.

पण एक प्रश्न इथेही सुटला नव्हता. खरखरीत फळीला हात लावायचा म्हटलं की ज्याच्या अंगावर काटा येतो आणि जो वर्ग सोडून पळतो, त्या मुलाचं काय? ज्ञानेंद्रियांना वळण लावायला हवं हे सगळ्यांनी मान्य केलं. त्या ज्ञानेंद्रियांकडून येणारी खबरच एखाद्याला सोसत नसेल, हे अजून कुणाच्या नीटसं लक्षात यायचं होतं.

आयांवरचा आळ

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञाने अकरा मुलांची हकिगत लिहिली. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हे नाव तिथून रूढ झालं. त्यात ही मुलं कशाकशाला घाबरतात त्याची यादी आहे. धूळ ओढणारं यंत्र, अंडं फेटायचं यंत्र, लिफ्ट, वाहतं पाणी, चावीची खेळणी, कधी कधी तर नुसता वारा. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्पर्गरने लिहिलं की त्याच्याकडच्या मुलांना काही कापडांचा, नव्या खरखरीत शर्टांचा, रफू केलेल्या मोज्यांचा स्पर्श सहन होत नाही. काहींना खडूचाही होत नाही. (खडूवर माझं आयुष्य गेलं, म्हणून हे वाक्य मी दोनदा वाचलं.) याच अॅस्पर्गरने नाझी राजवटीत काही मुलं अशा संस्थेत पाठवली जिथे अपंग मुलांना मारलं जात होतं, हे २०१८ साली कागदपत्रांनिशी पुढे आलं. बारकाईने पाहता येतं म्हणून माणूस दयाळू असतोच असं नाही.

तर निरीक्षणं होती. अगदी तपशिलात होती. पण त्यांचा अर्थ काय लावला? मूल आईपासून अंग चोरतं, मिठी मारली की ताठ होतं, म्हणजे आईच्याच मायेत काहीतरी खोट असली पाहिजे! पन्नास आणि साठच्या दशकांत हा विचार अमेरिकेत इतका पसरला की अशा आयांना "फ्रिजसारख्या थंड आया" असं नावच पडलं. ब्रूनो बेटेलहाइमने १९६७ साली या मताला धरून पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. विचार करा, मिठी मुलाला टोचत होती आणि आरोपी कोण झालं, तर मिठी मारणारी!

या आरोपाला पहिला जोरदार धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हा अमेरिकन नौदलात काम करणारा मानसशास्त्रज्ञ. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्याने १९६४ साली पुस्तक लिहून दाखवलं की मूळ कारण शरीरात, मज्जासंस्थेत शोधायला हवं, आईच्या वागण्यात नव्हे. आता हे सगळे मानतात. पण आपल्याकडच्या "हिनेच डोक्यावर चढवून ठेवलाय" या शेऱ्याचं नातं कोणत्या घराण्याशी लागतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

पाचांच्या पुढची इंद्रियं

आपण शाळेत पंचज्ञानेंद्रियं शिकलो आणि शिकवली. नाक, कान, डोळे, जीभ, त्वचा. पण शरीराला स्वतःचीही खबर लागते. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. फ्रान्समध्ये पिएर फ्लूराँस याने १८२०च्या दशकात कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं की त्यांना इजा झाली की पक्ष्याचं ऐकणं न बिघडता हालचाल बिघडते. म्हणजे तोल सांभाळणारं इंद्रिय कानाच्या आत दडलेलं आहे. १९०६ साली इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टनने आणखी एका जाणिवेला नाव दिलं. स्नायू आणि सांधे मेंदूला सांगत असतात की हात कुठे आहे, किती वाकला आहे, किती जोर लागला आहे. अंधारातही आपला घास तोंडातच जातो तो या जाणिवेमुळे.

आता पुन्हा त्या धडकत चालणाऱ्या, पेन्सिलचं टोक रोज मोडणाऱ्या मुलाकडे बघा. किंवा जिन्याचा कठडा न सोडणाऱ्या मुलीकडे. दांडगट आणि भित्री हे शब्द एकदम तोकडे वाटायला लागतात.

हे सगळे धागे एकत्र ओवले ते कॅलिफोर्नियाच्या जीन एअर्स या बाईंनी. जन्म १९२०. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या, म्हणजे आजारातून किंवा अपंगत्वातून माणसाला रोजचे व्यवहार पुन्हा करता यावेत म्हणून काम करणाऱ्या. शिकण्यात मागे पडणारी मुलं त्यांच्याकडे येत. बुद्धी चांगली, डोळे-कान ठीक, तरी गुंडी लागत नाही, अक्षर ओळीत बसत नाही, रांगेत कुणाचा धक्का लागला की मारामारी. १९६४ साली त्यांनी स्पर्शाविषयी एक लेख लिहिला. काही मुलांना साधा स्पर्शही हल्ला वाटतो आणि त्यांचं शरीर बचावाला उभं राहतं, असं त्यात मांडलं. १९७२ साली त्यांचं मोठं पुस्तक आलं आणि १९७९ साली खास आईवडिलांसाठी सोप्या भाषेतलं दुसरं.

त्यांचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते. मेंदूला टपाल कचेरी समजा. सगळ्या गावांची पत्रं एकदम येऊन पडतात. ती गावागावाप्रमाणे वेगळी करणारा माणूस हुशार असेल तर तातडीची तार आधी जाते आणि जाहिरातीचं पत्रक बाजूला पडतं. तो गोंधळला, तर शर्टाच्या पट्टीचं पत्रक तारेच्या थैलीत जातं आणि बाईंनी फळ्यावर लिहिलेलं गणित पोचतच नाही. एअर्सबाईंना वाटत होतं की हे वर्गीकरण खेळातून सुधारता येईल. त्यांच्या उपचाराच्या खोलीत झोपाळे, फळकुटं, उतार, गाद्या असत. मुलाला ढकलायचं नाही. काय खेळायचं ते त्याने निवडायचं, मोठ्याने फक्त खेळ असा मांडायचा की तो फार सोपाही नाही आणि झेपणार नाही इतका अवघडही नाही.

त्यांना त्यांच्याच क्षेत्रातून विरोध झाला, पण १९८८ साली वारल्या तोवर त्या काम करत होत्या. मला त्यांच्याविषयी सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या फिलिप नावाच्या भाच्याला हाच त्रास होता. त्याला त्यांनी तरुणपणी पत्रं लिहिली, की तुझ्या शरीरात काय चाललं आहे ते असं असं आहे. ती पत्रं २००४ साली पुस्तकरूपाने आली. नातलगाने नातलगाला करायची मदत याहून चांगली मला सुचत नाही.

ज्यांना टोचलं त्यांनीच सांगितलं

इतकी वर्षं मोठी माणसं मुलांकडे बघून अंदाज बांधत होती. मग मुलं मोठी झाली आणि स्वतः बोलू लागली. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांचा जन्म १९४७ चा. लहानपणी बोलणं उशिरा आलं. रविवारी चर्चला जाताना घालायचा खरखरीत परकर आणि शाळेची घंटा यांचा आपल्याला किती त्रास व्हायचा ते त्यांनी सविस्तर लिहिलं आहे. त्यांना घट्ट मिठीचा दाब हवासा वाटे, पण माणसाचा स्पर्श सोसत नसे. मावशीच्या गुरांच्या फार्मवर त्यांनी एक पिंजरा पाहिला. गुरांना टोचण्यासाठी त्यात दोन्ही बाजूंनी दाबून धरत आणि जनावर शांत होई. अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी तसंच स्वतःला दाबून घ्यायचं लाकडी यंत्र बनवलं, आणि दाब किती ते ठरवणारा दांडा स्वतःच्या हातात ठेवला.

मानसतज्ज्ञांनी ते यंत्र काढून घ्यायचा प्रयत्न केला. एका विज्ञानशिक्षकाने मात्र सांगितलं की दाबाने शांत का वाटतं हे तूच शोधून काढ. पुढे ग्रँडिन पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. १९८६ साली त्यांचं आत्मकथन आलं आणि १९९२ साली त्यांनी या दाबाविषयी शोधनिबंधही लिहिला. एक शिक्षिका म्हणून त्या मास्तरांना माझा नमस्कार!

आपल्या मुंबईत

"हे सगळं परदेशात" असं म्हणणाऱ्यांसाठी एक नाव सांगते. कमलाबाई निंबकर. मूळच्या अमेरिकेतल्या क्वेकर घराण्यातल्या, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा सुरू केली. १९५२ मध्ये या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी काढलेल्या शाळेला "कमला निंबकर बालभवन" हे नाव आहे, ते याच कमलाबाईंचं.

म्हणजे जीन एअर्स यांचा तो लेख यायच्या चौदा वर्षं आधी, परळमध्ये, त्यांच्याच व्यवसायाचं शिक्षण सुरू झालेलं होतं. तेव्हा भर पोलिओ, अपघात, कुष्ठरोग यांच्यावर होता आणि ते साहजिक होतं. पण "आमच्या वेळी" म्हणणाऱ्या आमच्या पिढीच्या शाळकरी वयात हे मुंबईत घडत होतं, एवढं तरी नोंदवून ठेवू.

आता थोडं सावधपणे

इतिहास सांगायचा तर सोयीचा तेवढाच सांगून चालत नाही. एअर्सबाईंच्या सिद्धांतावर अजून वाद आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या डॉक्टरांना सांगितलं की "सेन्सरी प्रोसेसिंगचा विकार" असं स्वतंत्र निदान करू नका. अडचण खरी असली तरी ती बहुधा स्वमग्नता, चंचलता, वाढीतले इतर प्रश्न यांच्या सोबतीने येते, तेव्हा त्यांचीही तपासणी करा. उपचार घ्यायला हरकत नाही, पण पुरावा मर्यादित आहे हे आईवडिलांना स्पष्ट सांगा. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, मानसविकारांच्या अमेरिकन सूचीच्या पाचव्या आवृत्तीत संवेदना जास्त किंवा कमी जाणवणं हे स्वमग्नतेच्या लक्षणांत अधिकृतपणे आलं. कॅनरच्या त्या यादीला जागा मिळायला सत्तर वर्षं लागली! स्वतंत्र विकार म्हणून मात्र तिथेही नोंद झाली नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, नुसती संवेदनांची अडचण नाही.

उपचाराच्या चाचण्यांचंही तसंच. २०१४ साली अमेरिकेतल्या ३२ मुलांच्या एका छोट्या चाचणीत चांगला परिणाम दिसला. २०२२ साली इंग्लंड-वेल्समधल्या १३८ स्वमग्न मुलांच्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या मदतीपेक्षा जास्त फायदा आढळला नाही. अंगावर घ्यायच्या जड पांघरुणांचीही २०१४ साली ब्रिटनमध्ये तपासणी झाली. झोप काही वाढली नाही, पण मुलांना आणि आईवडिलांना ते पांघरूण साध्यापेक्षा जास्त आवडलं. आता याला यश म्हणायचं की अपयश, ते तुम्हीच ठरवा.

याचा माझ्यापुरता अर्थ असा की महागड्या पॅकेजची आणि "तीन महिन्यांत मूल बरं" अशी जाहिरात दिसली की दोन पावलं मागे सरकावं. उपचार किती लागू पडतो हा वाद चालू राहील. मुलाला टोचतं की नाही, हा वादाचा विषय नाही. ते त्यालाच ठाऊक.

मग करायचं काय?

आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मग बालरोगतज्ज्ञ आणि त्यांनी सुचवलेला ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तोवर एक साधी वही करावी. कधी बिथरला, त्याच्या आधी काय झालं, कुठे होता, किती वेळाने सावरला. पंधरा दिवसांत काहीतरी धागा दिसतो. अनेकदा मारामारी नेमकी मधल्या सुट्टीनंतरच होते, आणि कारण मित्र नसतात, पत्र्याच्या छपराखालचा गोंगाट असतो.

वर्गात खर्च न करता बरंच करता येतं. रांगेत पहिला किंवा शेवटचा उभा करा, म्हणजे दोन्हीकडून धक्के लागणार नाहीत. दारापासून, घंटेपासून लांब बसवा. चुळबुळ करणाऱ्याला वह्यांचा गठ्ठा उचलून कार्यालयात पोचवायला सांगा, फळा पुसायला सांगा. स्नायूंना काम मिळालं की काही मुलं निवांत होतात. अनुभवी शिक्षकांना ही युक्ती फार जुनी ठाऊक आहे, फक्त तिचं कारण ठाऊक नव्हतं.

घरात शर्टाची पट्टी कापून टाका, नवे कपडे दोनदा धुऊन घाला. मिक्सर लावण्याआधी "लावते हं" असं सांगा. दिवाळीचं उटणं सोसत नसेल तर नुसतं तेल आणि साधा साबण चालेल, नरकासुर रागावणार नाही. पाहुण्यांनी गालगुच्चा घ्यायचाच असेल तर आधी विचारावा.

"अशाने सवय कशी लागणार?" हा आजी-आजोबांचा प्रश्न रास्त आहे. सवय लागते, पण दांडा मुलाच्या हातात असेल तर. ढोलताशा गल्लीच्या टोकावरून ऐकायचा, मग त्याला वाटलं तर चार पावलं पुढे, नको वाटलं तर मागे. खांद्यावर बसवून थेट पथकाच्या मध्ये नेणं ही सवय नव्हे. पहिल्या प्रकारात मूल शिकतं की मला सोसेल इतकंच मी घेऊ शकतो. दुसऱ्यात शिकतं की माझं ऐकणारं कुणी नाही.

आयांना एक सांगायचं आहे. गेल्या डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नात एक मुलगी आपल्या पोराला घेऊन बँड सुरू झाल्यापासून हॉलच्या मागच्या अंगणात बसली होती. पंगत उठली तरी आत आली नाही. आत तिच्याविषयी जे बोललं गेलं ते मी ऐकलं आहे. मी तिचं ताट घेऊन बाहेर गेले आणि तिथेच जेवलो आम्ही. पोरगं शांतपणे वाळूत रेघा ओढत होतं. मला सांगा, त्या हॉलमध्ये आपल्या मुलाला तिच्यापेक्षा जास्त ओळखणारं कोण होतं?

तर "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" याचं उत्तर. मुलं होती. १८०० साली होती, १९४३ साली होती, आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर होती. त्यांतली काही शाळा सोडून शेतात, कारखान्यात गेली, काहींनी मार खाल्ला, काही गप्प झाली. नव्हतं ते नाव, आणि त्यांचं खरं मानणारं माणूस. नावावर डॉक्टर मंडळी अजून भांडताहेत, भांडू देत. खरं मानायला पदवी लागत नाही.

असो. फार लांबलं. गणपतीला सगळे येणार आहातच. आरतीच्या वेळी मागची खोली लहानांसाठी मोकळी ठेवणार आहे, दार लोटून, पंखा लावून. ज्याला यायचं तो येईल, नाही तो तिथे बसेल. त्यावर कुणी शेरा मारायचा नाही. आणि यंदा मोठ्या झांजा माळ्यावरच राहतील, देवाला टाळ्यांनीही ऐकू जातं.